श्वासाचं भाडं

हा अंक अडीच महिने उशिरा निघतोय. का, ते आधी सांगतो. पैसा तुमचा होता, म्हणून सांगणं भाग आहे.

छपाईसाठी आपण १८,४०० रुपये जमवले होते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या बाहेर फूटपाथवर चादर अंथरून विकलेल्या अंकांचे, काही वाचकांनी पाठवलेले, आणि गोदीतल्या आमच्या टोळीने पगाराच्या दिवशी काढून दिलेले पन्नास-पन्नास. त्यातले १५,५०० रुपये मी माझ्या बायकोच्या ऑक्सिजनच्या मशीनला घातले. १०,००० डिपॉझिट, ५,५०० पहिल्या महिन्याचं भाडं. कुणाला विचारलं नाही. डबा माझ्याकडे होता, वही माझ्याकडे होती, मी झाकण उघडलं.

सोमवारी मंडळाच्या बैठकीत सगळं सांगितलं. एक मित्र उठला आणि म्हणाला, आज तू बायकोसाठी घेतलेस, उद्या कोणी बहिणीच्या लग्नासाठी घेईल, मग आपल्यात आणि त्या जिल्हाध्यक्षांत फरक काय? कोणी बोलेना. मीही बोललो नाही. त्याचं बरोबर होतं, मी आजही तेच म्हणतो. चळवळीच्या पैशाला हात लावताना प्रत्येकाकडे कारण असतंच, आणि ते कारण नेहमी खरंच असतं. त्यातूनच अर्ध्या संघटना बुडाल्या. शेवटी ठरलं असं की मी ते पैसे फेडायचे आणि ह्या वेळच्या संपादकीयात सगळं लिहायचं, हिशोबासकट. कविता मागे ठेवायची.

तर लिहितो.

तिचं नाव लिहीत नाही. तिनेच नको म्हटलं. म्हणाली, "माझ्या नावाने वर्गणी मागू नका, मशीनच्या नावाने मागा." मागच्या सगळ्या अंकांना टाचण्या तिने मारल्यात. तुमच्याकडे जुना अंक असेल तर पिन उलटी बसलीय का बघा. उलटी पिन माझी, सरळ तिची. वय सव्वीस. लग्नाआधी आणि लग्नानंतर ती भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात होती. आख्ख्या हिंदुस्थानात जिथे जिथे स्टीलचा डबा उघडतो तिथे भाईंदरचं पॉलिश असण्याचा संभव आहे. ते पॉलिश बफिंगच्या चाकावर होतं आणि चाकावरून जी काळी पूड उडते ती गाळ्यातल्या माणसाच्या नाकात जाते. ती पॅकिंगला होती, चाकापासून आठ फुटांवर. तोंडाला ओढणी. ईएसआयचं कार्ड नाही, कारण हजेरीच्या वहीत नाव नाही. ईएसआयचा कायदा १९४८ चा आहे. इतक्या वर्षांत तो त्या गाळ्याच्या शटरखालून आत सरकला नाही.

मग टीबी झाला. एकदा झाला, गोळ्या घेतल्या, बरी झाली. पुन्हा झाला. दुसऱ्या वेळी जास्त महिने गोळ्या. मध्ये मध्ये पोषणाचे पैसे खात्यावर यायचे. महिन्याला ५०० रुपयांची ती योजना २०१८ साली निघाली, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. आले तेव्हा अंडी आणली, खोटं का बोलू. कोर्स संपला. थुंकी तपासली, जंतू नाही. कार्डावर शिक्का पडला : उपचार पूर्ण.

सरकारच्या रजिस्टरात ती बरी झालेली बाई आहे.

आणि घरात ती संडासापर्यंत गेली की भिंतीला धरून उभी राहते. नखं निळी पडतात. दोनदा टीबी झालेल्या फुफ्फुसाचं काय होतं ते डॉक्टरांनी मला एक्स-रे उजेडाला धरून दाखवलं. मी दहावी पास माणूस, पण चित्र कळतं. वरचा भाग पांढरा, आक्रसलेला, दोऱ्यांनी शिवल्यासारखा. जंतू गेला, जखम राहिली, आणि जखमेच्या जागी जे कातडं आलं त्यातून हवा आरपार जात नाही. टीबीच्या खात्याला जंतूशी मतलब. जंतू मेला की त्यांची फाइल बंद. २०२५ पर्यंत देशातला टीबी संपवू अशी घोषणा २०१८ साली दिल्लीत झाली होती. जो बरा झाला त्याच्या श्वासाचं पुढे काय, हे त्या घोषणेत कुठे होतं?

वॉर्डात अकरा दिवस होती. मुंबईतला मोठा सरकारी दवाखाना, नाव कशाला. खाटेच्या डोक्याशी भिंतीतून ऑक्सिजन येत होता, फुकट, चोवीस तास. त्या अकरा दिवसांत तिचा रंग परत आला. सिस्टरशी भांडायला लागली, म्हणजे खरंच बरी होती. शनिवारी दुपारी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, घेऊन जा, खाट पाहिजे. कागदावर लिहिलं : घरी ऑक्सिजन, मिनिटाला दोन लिटर, दिवसाचे सोळा तास, मशीनची सोय केल्याशिवाय नेऊ नये. मी विचारलं, मॅडम, मशीन कुठून मिळेल? त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगली बाई होती. म्हणाल्या, भाड्याने मिळतं, गेटच्या बाहेर दुकानं आहेत.

गेटच्या बाहेर. दोस्तांनो, ह्या अंकात मला एवढ्या दोन शब्दांवर बोलायचंय.

गेटच्या आत हवा सरकारची होती. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की त्याच हवेला भाडं लागलं. बाई तीच, फुफ्फुस तेच, डॉक्टरचा कागद तोच. महात्मा फुल्यांच्या नावाची जन आरोग्य योजना तुम्हाला माहीत आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ साली फुल्यांचं नाव लागलं, २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचा खर्च. चांगली योजना आहे, आपल्या वस्तीतली माणसं तिच्यावर वाचली आहेत, मी नाकारत नाही. खाट, ऑपरेशन, औषधं, जेवण. डिस्चार्जनंतर दहा दिवसांची औषधं. आणि सुरुवातीच्या कागदांतच दवाखान्यातून घरी जायचं एसटीचं किंवा दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा लिहिलेलं. म्हणजे सरकार आपल्या माणसाला थेट घराच्या दारापर्यंत सोडायला येतं. दारात थांबतं. आत येत नाही. आत दहा बाय बाराची खोली असते आणि तिथे श्वास घ्यायचा असतो, तो ज्याचा त्याने.

ह्या मशीनचं काम काय ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं आणि दुकानदार ते असं विकतो जसं काही स्वर्गातून आणलंय. मशीन ऑक्सिजन बनवत नाही. तुमच्या-आमच्या खोलीतली हवाच आत ओढतं. त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. आत झिओलाइट नावाच्या दगडाचे बारीक दाणे भरलेले दोन नळकांडे असतात. दाबाखाली तो दगड नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन सुटतो, नव्वद टक्क्यांच्या वर. मग दाब काढला की दगड नायट्रोजन सोडून देतो. एक नळकांडं धरतं, दुसरं सोडतं. दर काही सेकंदांनी फुस्स आवाज. रात्री तो आवाज ऐकत मी झोपतो. आवाज बंद झाला की जाग येते.

हवा आपलीच. आपल्याच खोलीतली. फक्त चाळून देतात, आणि चाळणीचं भाडं ५,५००.

विकत घ्यायचं तर ४५,००० सांगितले. जुनं पंचवीसला, गॅरंटी नाही. मी गोदीत मुकादमाच्या हाताखाली कंत्राटावर आहे. बोट लागली तर काम, नाही लागली तर शेडच्या सावलीत बसून परत. महिन्याला अठरा-वीस पाळ्या मिळाल्या तर चौदा हजारापर्यंत जातं. खोलीभाडं ४,५००. मशीनचं भाडं खोलीच्या भाड्यापेक्षा जास्त आहे. माणसाला राहायला जेवढं लागतं त्याहून श्वास घ्यायला जास्त लागतं, हा हिशोब मी बोटावर तीनदा केला.

आणि वीज. मशीनच्या पाठीवर लिहिलंय ३५० वॅट. सोळा तास म्हणजे दिवसाला साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला १६८. आमचं घर शंभर युनिटच्या आत राहायचं, एक पंखा, दोन बल्ब, मोबाइल. आता अडीचशेच्या आसपास जातं, म्हणजे वरच्या टप्प्याचा दर. कंपनीच्या खिडकीवर डॉक्टरचा कागद दाखवला. खिडकीतला पोरगा आपल्यासारखाच, कंत्राटावरचा. म्हणाला, भाऊ, सिस्टिममध्ये असला ऑप्शनच नाही. इंग्लंडात जिथे सरकारी आरोग्यसेवा घरी ऑक्सिजनचं मशीन देते, तिथे मशीनने खाल्लेल्या विजेचे पैसेही पेशंटला परत मिळतात. जपानमध्ये १९८५ पासून घरचा ऑक्सिजन विम्यात आहे. त्यांच्याकडे सोनं निघतं म्हणून नव्हे. त्यांनी एवढंच मान्य केलं की दवाखाना संपला तरी आजार संपत नाही.

कोणी म्हणेल, सोळा तास कशाला, चार तास लावा, भाडं तेच पण वीज वाचेल. मीही मनात म्हटलं होतं. मग डॉक्टर मॅडमनी सांगितलं ते ऐका. १९८१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी धाप लागणाऱ्या, फुफ्फुस कामातून गेलेल्या माणसांचे दोन गट केले होते. एका गटाला दिवसाचे निदान पंधरा तास ऑक्सिजन, दुसऱ्याला काही नाही. ऑक्सिजनवाल्या ४२ पैकी १९ गेले. नसलेल्या ४५ पैकी ३० गेले. त्यांचा आजार टीबीनंतरचा नव्हता, दम्याच्या जातीचा होता, पण पंधरा तासांचं माप तेव्हापासून जगभर चालतं. म्हणजे हा गाडीतला एसी नव्हे, की परवडला तर लावला. हे औषध आहे, आणि औषधासारखाच त्याचा डोस आहे. आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतसुद्धा ऑक्सिजनचं नाव आहे. यादीत आहे, घरात नाही.

घरात काय बदललं तेही लिहितो. ऑक्सिजनजवळ आग चालत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आग कुठे न्यायची? स्टोव्ह बाहेर बोळात ठेवलाय, शेजारची मावशी तिच्या भाकरीबरोबर आमच्या थापते. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्यापुढची मेणबत्ती बंद केली. आईला ते फार लागलं. मी म्हटलं, आई, बाबासाहेब समजून घेतील. ती म्हणाली, "ते घेतील रे, मलाच सवय नाही." लाइट गेली की मशीन ओरडतं. मग कोपऱ्यातला छोटा सिलेंडर. त्यात दीड हजार लिटर, मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास. मी गोदीत पन्नास किलोची गोण पाठीवर घेऊन फळी चढतो तेव्हा काही वाटत नाही. पण तो सिलेंडर भरून आणताना, बोळातून, हात थरथरतात. साला, वजनाचा प्रश्न नाही.

मशीनसोबत बोटाला लावायचा चिमटा घेतला, आकडा दाखवणारा. नव्वदच्या वर असेल तर मी कामावर जातो. अठ्ठ्याऐंशी असेल तर भाईंदरच्या फलाटावर उभा राहून दोन गाड्या सोडतो आणि मावशीला फोन करतो. ह्या चिमट्याबद्दल एक गोष्ट कळली. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलं की काळ्या माणसांच्या बोटावर हा चिमटा चुकतो. रक्तात ऑक्सिजन कमी असतानाही ठीक आहे म्हणून सांगतो, आणि असं गोऱ्यांपेक्षा काळ्यांच्या बाबतीत जवळजवळ तिप्पट वेळा होतं. प्रकाश कातडीतून जातो ना. म्हणजे बनवणाऱ्याने मशीन बनवताना कोणाचं बोट धरलं होतं, ते त्यात उतरलंय. मी बायकोचं बोट बघतो. आमचा रंग तुम्हाला माहीतच आहे.

मदत मागायला फिरलो, तेही सांगतो. भाईंदरात ट्रस्टांना तोटा नाही. रुग्णोपयोगी साहित्य मोफत मिळेल असे बोर्ड आहेत. खाट, व्हीलचेअर, वॉकर मिळतात, लोक परत आणून देतात, चांगलं काम आहे. एका ठिकाणी ऑक्सिजनचं मशीन होतं, मी डोळ्यांनी बघितलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. फॉर्म दिला. नाव, पत्ता, आजार, आणि चौथ्या ओळीत : समाज. मी लिहिलं, बौद्ध. शेटने चष्म्यावरून बघितलं. हाकललं नाही, पाणी विचारलं. म्हणाला, पहिले आमच्या समाजाचे पेशंट, मग उरलं तर. मला राग आला नाही असं नाही, पण नंतर गाडीत विचार केला, तो खोटं तर बोलला नाही. त्याच्या समाजाने त्याच्या समाजासाठी मशीन घेऊन ठेवलंय. माझ्या समाजाने काय घेऊन ठेवलंय? प्रत्येक वस्तीत कमान आहे, पुतळा आहे, जयंतीला चार चार लाखांचा डीजे आहे. ऑक्सिजनचं एक मशीन आहे का? हे लिहिलं म्हणून मला शिव्या पडतील. पडू देत.

आणखी एक टोचणारी गोष्ट. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून. नाव घेतलं, जाहीरनाम्याचा ताव घेतला, कवितेतला जाळ घेतला. पण त्या काळ्या पँथरांनी वस्तीवस्तीत फुकट दवाखाने चालवले होते. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार काळ्यांना होतो आणि गोऱ्या डॉक्टरांना त्यात रस नाही, म्हणून १९७१ साली त्यांनी स्वतः लोकांचं रक्त तपासायची मोहीम काढली. त्याच १९७२ साली त्यांच्या दहा कलमांत त्यांनी सर्व पीडितांना पूर्ण मोफत आरोग्यसेवा ही मागणी घातली. आपण गर्जना उचलली, तपासणीची सुई तिथेच राहिली. मी जन्माला आलो नव्हतो तेव्हा, मोठ्यांना दोष देत नाही. पण मी स्वतः पाच वर्षं हे मासिक काढतोय, आणि माझ्या घरात धाप लागेपर्यंत मी फुफ्फुसावर एक ओळ छापली नव्हती.

आपल्या घरातलीच जुनी गोष्ट आठवते. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी ज्योतिरावांना महात्मा म्हटलं आणि त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं. डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी उपचार केले. सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांनी मग डाव्या हाताने लिहिलं. घरात पैसा नव्हता. ज्या माणसाने ठेकेदारीत पैसा मिळवून शाळांत आणि लोकांत घातला त्याच्या आजारपणाला पैसा नव्हता, आणि त्या घरात उठवणारी, बसवणारी, भरवणारी सावित्रीबाई होती. शेवटी मामा परमानंदांनी १८९० साली बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे ह्या घरासाठी शब्द टाकला. २८ नोव्हेंबर १८९० ला ज्योतिराव गेले. बडोद्याची मदत त्यानंतर आली.

मी स्वतःची तुलना करत नाही, कोणी तसं वाचू नका. मी एवढंच बघतो की फुल्यांच्या घरीसुद्धा आजारपण एका बाईच्या अंगावर आणि एका मित्राच्या पत्रावर चाललं. सव्वाशे वर्षांच्या वर झाली, त्यांचं नाव सरकारी योजनेला लागलं, आणि गरिबाच्या घरचं आजारपण अजून तसंच, एका माणसाच्या अंगावर आणि कोणाच्या तरी चिठ्ठीवर. मीही आता चिठ्ठीच लिहितोय.

पण चिठ्ठीने सुटणारा हा प्रश्न नाही, आणि मशीन देशात नाहीत असंही नाही. २०२१ चा एप्रिल आठवा. लोक सिलेंडर घेऊन रांगेत मरत होते. तेव्हा ह्याच मशीनच्या विक्रीत मधल्या वितरकाचा नफा १९८ टक्क्यांपर्यंत पोचला होता, हे सरकारनेच सांगितलं आणि जूनमध्ये ७० टक्क्यांची मर्यादा घातली. दिल्लीत एका ८५ वर्षांच्या आजारी माणसाला पुतण्याने अमेरिकेतून मशीन भेट पाठवलं, त्यावर सरकारने १२ टक्के कर मागितला. म्हातारा कोर्टात गेला. हायकोर्टाने २१ मे २०२१ ला सांगितलं, असा कर घटनाबाह्य. सरकार सुप्रीम कोर्टात पळालं आणि १ जूनला स्थगिती आणली. लोक मरतायत आणि सरकार श्वासावरच्या करासाठी वकील लावतंय! मग जूनच्या मध्यावर कर ५ टक्के केला, तोही सप्टेंबरअखेरपर्यंत.

त्याच एप्रिलमध्ये पीएम केअर्समधून एक लाख मशीन घ्यायचं जाहीर झालं. शिवाय कंपन्यांनी दिली, परदेशातून आली, आमदार-नगरसेवकांनी फोटो काढून वाटली. मशीनवर हार घातलेले ते फोटो माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. आज ती मशीनं कुठे आहेत? किती चालू, किती धूळ खात? झिओलाइटला दमट हवा सोसत नाही, वर्षानुवर्षं कोपऱ्यात ठेवलेलं मशीन असंच मरतं. एकीकडे मशीन पडून मरणार, दुसरीकडे माणूस मशीनवाचून.

म्हणून मिरा-भाईंदर महानगरपालिकेला आपण प्रश्न घालतोय, माहितीच्या अधिकारात, ह्याच महिन्यात. अर्ज तयार आहे. करोनाच्या काळात विकत, दान, अनुदान म्हणून किती ऑक्सिजन मशीनं आली. आज कुठल्या दवाखान्यात, कुठल्या गोडाउनात किती आहेत. किती चालू आहेत. २००२ साली महापालिका झालेलं हे शहर २०११ च्या जनगणनेतच आठ लाख नऊ हजारांचं होतं. एवढ्या शहरात डॉक्टरच्या कागदावर घरी मशीन उसनं देणारी एक खिडकी असायला काय हरकत आहे? पुस्तकाच्या लायब्ररीसारखी. घ्या, वापरा, परत करा. दुरुस्तीला एक माणूस. आणि कागद असेल त्या घराच्या विजेला सवलत, ह्यासाठी वीज नियामक आयोगाकडे वेगळा अर्ज. अपंगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार मोजलेत. त्यांत सिकलसेल आहे, हिमोफिलिया आहे, ते यायलाच पाहिजे होते. पण फुफ्फुस गेलेला माणूस त्या २१ मध्ये नाही. म्हणून साहित्य वाटपाच्या शिबिरात कानाचं यंत्र मिळतं, चाकाची खुर्ची मिळते, आणि नाकाची नळी मागितली की टेबलामागचा माणूस यादी चाळतो.

कोणी म्हणतील, सरकारकडे पैसा नाही. १९९२ साली बंगालात हकीम शेख नावाचा शेतमजूर गाडीतून पडला, डोक्याला मार लागला, आणि एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात, खाट नाही म्हणून फिरवला गेला. त्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९६ साली कोर्ट म्हणालं, वेळेवर उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग, आणि पैशाची चणचण सांगून सरकारला त्यातून सुटता येणार नाही. तो निकाल तातडीच्या उपचाराबद्दल होता, हे खरं. पण श्वासाहून तातडीचं काय असतं ते मला कोणी सांगावं. १९२७ ला महाडला आपण पाण्याला हात लावला. पाणी तळ्यात होतं, सगळ्यांसमोर, मधे माणसं उभी होती. हवेच्या मधे कोणी उभं दिसत नाही. भाड्याची पावती दिसते फक्त.

आता मागणं.

मला शब्द सुचत नव्हता. मदत म्हटलं की हात पसरल्यासारखं, वर्गणी म्हटलं की जयंती. बायको म्हणाली, "उसनं लिहा." तर उसनं मागतोय, माझ्या नावावर नव्हे. आपल्याला एक मशीन विकत घ्यायचंय, ४५,००० चं. ते मासिकाच्या मालकीचं राहील, पावती मंडळाच्या नावाने. आज ते माझ्या घरात लागेल. तिला लागणार नाही त्या दिवशी ते दुसऱ्या घरात जाईल, आणि ते घर कुठलं, हे मी एकटा ठरवणार नाही. दहिसरपासून वसईपर्यंत ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी शाखेत कळवावं, आपण वही घातलीय. आतापर्यंत वहीत सात नावं आली. सातातली पाच टीबीतून बरी झालेली आहेत. कागदावर.

आतापर्यंत जमलेले : गोदीतली टोळी ६,२०० रुपये. वस्तीतल्या महिला मंडळाचे ३,०००. ज्या मित्राने मला बैठकीत उभं केलं त्याचे १,०००, पहिले त्याचेच आले. एकूण १०,२००. मासिकाचे मी उचललेले १५,५००, त्यातले ४,००० फेडले, बाकी ११,५००. दर पगाराला हजार. हा अंक निघाला तो त्या ४,००० मध्ये डब्यात उरलेले २,९०० घालून आणि उरलेलं बिल प्रेसवाल्याकडे उधार ठेवून. म्हणून पानं सोळाच आहेत. ज्यांच्या कविता राहिल्या त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात पहिल्या त्यांच्या.

माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन आपण महापालिकेवर जातोय तो दिवस शाखेच्या फळ्यावर लिहू. येताना प्रत्येकाने घरातला कोणाचा तरी जुना एक्स-रे आणावा. घरोघरी पलंगाखाली पडलेले असतात. बोर्ड रंगवायला पैसे नाहीत, आपण तेच उजेडाला धरू.

टाचण्या ह्या वेळीही तिनेच मारल्या, बसून, नळी लावून, दिवसाला वीस अंक. पिना सरळ आहेत.

जय भीम.